बांधावरचा शब्द आणि कोर्टातला पुरावा

(माण तालुक्यातील एका गावी चावडीपुढे शेतकरी व मेंढपाळ मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या माणदेशात भांडणाला फार मोठे कारण लागत नाही. पाऊस नाही एवढे कारण पुरते. विहिरीची पाळी, बांधाची हातभर माती, पाइपलाइनचा चर, चारणीला आलेली मेंढरे, वाटेवर आडवी टाकलेली बाभळीची फांदी, यांतून काठी निघते. काठीतून कुऱ्हाड निघते. आणि मग दहिवडीचे ठाणे, साताऱ्याचे कोर्ट आणि कोल्हापूरचा कळंबा तुरुंग अशी ती वाट लांबत जाते. अशा वेळी गावात एकच प्रश्न विचारला जातो, की पहिला वार कोणी केला? कोर्टात दुसराही एक प्रश्न विचारला जातो आणि तोच आमच्या माणसाला नडतो. तो प्रश्न असा, की आरोपी याआधी काय काय बोलला होता? आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी. आम्ही वकील नव्हे, मास्तर आहोत. परंतु गावात कोर्टाचा कागद आला की तो वाचून दाखविण्याचे काम मास्तराकडेच येते, आणि कागद वाचता वाचता जे ध्यानात आले ते आपल्यापुढे ठेवणे आम्हांस भाग आहे.

प्रथम हक्काची गोष्ट. आपल्या जिवाचे, आपल्या मालाचे, एवढेच नव्हे तर शेजाऱ्याच्या जिवाचे व मालाचेही रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या पिनल कोडाने कलम ९६ ते १०६ यांत दिला होता. १ जुलै २०२४ पासून त्या कोडाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमे ३४ ते ४४ झाली आहेत. नाव बदलले, हक्क तोच आहे. अंगावर आलेली कुऱ्हाड डोक्यात बसेपर्यंत हात बांधून उभे राहा, असे कायदा सांगत नाही. धोका आहे अशी रास्त धास्ती उत्पन्न झाली की हक्क सुरू होतो आणि धास्ती आहे तोवर चालतो. मरणाची, जबर दुखापतीची, बलात्काराची किंवा पळवून नेण्याची धास्ती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही तो जातो. १९५० साली कटनी येथे दंगल झाली, तेव्हा भावाचे दुकान लुटून आपल्या दारावर धडकलेल्या जमावावर अमजद खान नावाच्या एका दुकानदाराने बंदूक झाडली. सुप्रीम कोर्टाने १९५२ साली त्याला निर्दोष सोडले आणि असल्या प्रसंगी माणसाच्या कृतीचे माप सराफी काट्याने काढता येत नाही, अशा अर्थाचा निर्णय दिला.

या हक्काला दोन कुंपणे आहेत. सरकारी मदत मागण्यास सवड असेल तर हक्क नाही, आणि गरजेहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही. खाली पडलेल्यावर पुन्हा घाव घातला तर ते रक्षण राहत नाही. मात्र प्रामाणिकपणे रक्षण करताना मर्यादा ओलांडली गेली आणि त्यामागे आधीपासूनचा बेत नव्हता, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. फासाची दोरी आणि काही वर्षांची कैद यांतील अंतर पुष्कळदा या 'बेत' शब्दावर उभे असते. आता बेत हा काही मुद्देमाल नव्हे, की पंचनामा करून पिशवीत घालावा. तो माणसाच्या मनात असतो. तो शोधायला सरकारी वकील कोठे जातो? माणसाच्या मागच्या बोलण्यात!

आणि आमचे बोलणे कसे असते? आमच्या भागातली आई पोराला हाक मारते तीच मुळी 'मुडद्या' म्हणून. बैल नांगराला अडला तर 'तुला खाटकाला घालीन', सुनेने भाकर करपवली तर 'तुझं तोंड बघणार न्हाई', आणि बांधावर शेजारी भेटला तर 'उभा चिरीन', 'खापलीन', 'जित्ता सोडणार न्हाई'. एवढे बोलून झाले की दोघेही बांधावर बसून एकमेकांकडून तंबाखू मागून घेतात. गर्जेल तो पडेल काय आणि बोलेल तो करील काय, ही म्हण कोणत्या मुलखात जन्मली ते आम्हांस ठाऊक नाही. पण ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत डोंगराच्या अंगाला नुसते गडगडणारे आभाळ पाहणाऱ्या माणाच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पांढरपेशाची रीत निराळी आहे. तो रागावला तर धमकी देत नाही, अर्ज देतो. त्याचा राग जावक क्रमांकासह कचेरीत जातो आणि कोर्टात तोच कागद त्याच्या सभ्यपणाचा पुरावा म्हणून उभा राहतो. आमच्या कष्टकऱ्याचा राग तोंडातून जातो, चार साक्षीदार तो ऐकतात, आणि वर्षाने तोच त्याच्या गळ्यात येतो. दोघांच्या रागात फरक नाही. राग नोंदविण्याच्या पद्धतीत आहे.

याबाबत कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण तो आपण समजतो तितका आंधळा नाही. पुराव्याचा कायदा १८७२ साली झाला. तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या साहेबाने रचला. त्याची जागा आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. जुने कलम १४ तेच नवे कलम १२. माणसाची मनःस्थिती दाखविणाऱ्या गोष्टी पुराव्यात घेता येतात, असे ते सांगते. परंतु लगेच आवळूनही धरते, की ती मनःस्थिती सरसकट असून चालणार नाही, त्याच विशिष्ट बाबीसंबंधी असली पाहिजे. आम्ही शाळेत नियमानंतर उदाहरण देतो तशी स्टीफनसाहेबानेही उदाहरणे दिली आहेत. त्यांतले एक आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याचा मतलब असा: एकावर गुन्ह्याचा खटला चालू आहे, तोच गुन्हा करण्याचा इरादा दाखविणारे काही तो बोलला असेल, तर ते बोलणे पुराव्यात येते, पण त्या प्रकारचे गुन्हे करण्याकडे त्याचा एकंदर कल आहे एवढेच ज्यातून दिसते, असे बोलणे पुराव्यात येत नाही.

कायद्याच्या पुस्तकात अ आणि ब अशी माणसे असतात. आपण त्यांना बांधाअलीकडचा आणि बांधापलीकडचा म्हणू. अलीकडचा गडी म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत चार मित्रांत छाती पुढे काढून म्हणाला, 'आपण कुणाच्या बापाला भीत न्हाई, येळ आली तर दोन मुडदं पाडीन.' हा नुसता कल झाला. कोणाचे मुडदे, कोठे, कशासाठी, काही ठरलेले नाही. सहा महिन्यांनी बांधावर मारामारी झाली म्हणून जत्रेतले हे बोलणे कोर्टात आणू पाहणाऱ्याला वकिलाने तेथेच अडविले पाहिजे. याच गड्याने जर म्हटले असेल, की 'येत्या बाजारादिवशी त्याला वगळीत गाठतो आन् खलास करतो', आणि बाजारादिवशी वगळीतच दुसऱ्याचे प्रेत सापडले, तर हे बोलणे पुराव्यात येणारच. आणि आले पाहिजे, असे आमचे मत आहे. मेलेल्याच्या घरीही बायकापोरे असतात. आपला माणूस आरोपी आहे म्हणून आपण त्याचे सगळे बोलणे हवेत उडवून लावू लागलो, तर उद्या आपल्या माणसाचे प्रेत पडल्यावर इन्साफ कोणाकडे मागावा?

खरी पंचाईत होते ती तिसऱ्या तऱ्हेच्या बोलण्याची, आणि आपल्या बांधांवर शंभरात नव्वद वेळा हेच बोलले जाते: 'फिरून माझ्या बांधावर पाय टाकलास तर जित्ता जाणार न्हाईस.' ही धमकी आहे की ताकीद? यात 'तर' आहे. ज्या वाक्यात 'तर' आहे त्याचे दोन भाग असतात आणि पहिला भाग बोलणाऱ्याच्या हाती नसून ऐकणाऱ्याच्या हाती असतो. म्हणून पाहायचे असते ते हे, की अट पुरी कोणी केली? अलीकडचा आपल्या रानात खुरपीत होता आणि पलीकडचा दोन भाऊ व गज घेऊन बांध ओलांडून आला असेल, तर आधीचे ते वाक्य बेताचे नसून ताकिदीचे होते, असे म्हणण्यास जागा आहे. उलट अलीकडचाच रात्री पलीकडच्याच्या अंगणात सापडला, तर 'माझ्या बांधावर' या शब्दांचा आसरा त्याला उरत नाही. वाक्य तेच, पाय कोणाचे कोठे होते यावर त्याचा अर्थ फिरतो. साक्षीदार मात्र कोर्टात अर्धेच सांगतो. 'आरोपी म्हणाला, तुला जित्ता सोडणार न्हाई.' मागचा 'तर' गळून पडतो. उलटतपासणीत हा 'तर' परत काढणे हे वकिलाचे काम, आणि तो होता हे वकिलाला वेळेवर सांगणे हे आपले.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. बांधासाठी जीव घेण्याचा हक्क कायद्याने कोणालाही दिलेला नाही. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा चोरी व घुसखोरी अशी की जिला अडविले नाही तर मरणाची वा जबर दुखापतीचीच धास्ती आहे, एवढ्याच प्रसंगी मालाच्या रक्षणाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जातो. नुसता बांध कोरला, मेंढरे उभ्या ज्वारीत घातली, यासाठी तेवढा जात नाही. म्हणून बांधाच्या भांडणात 'मुडदा' हा शब्द तोंडातून निघाला की कायदा जे देत नाही ते मागितल्यासारखे होते, आणि पुढे खरोखरच जिवावर बेतून हात उचलावा लागला, तरी सरकारी वकील म्हणतो, 'याचा जीव धोक्यात नव्हता, याला बांधाचा सूड घ्यायचा होता.' मेंढपाळ बंधूंनी हे विशेष ध्यानात धरावे. दिवाळीनंतर आपण मेंढरे घेऊन परमुलखात उतरता. तेथे आपल्या बाजूने साक्ष देणारा कोणी नसतो आणि आपले बोलणे ऐकणारे सगळे समोरच्याच्या भावकीतले असतात.

आता मेलेल्याच्या बोलण्याविषयी. रक्षणाच्या खटल्यात सगळा सवाल आरोपीच्या मनातल्या धास्तीचा असतो. ती धास्ती रास्त होती की नव्हती हे ठरविताना, मेलेला त्याला पूर्वी काय बोलला होता, किती वेळा अंगावर आला होता, हेही पुराव्यात येऊ शकते. आमच्या गावांत मात्र मेलेल्याविषयी वाईट बोलू नये अशी रीत आहे. रीत चांगली आहे. पण तिच्यापायी गावचे चार भले लोक कोर्टात उभे राहून सांगतात, 'मयत माणूस गरीब होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात', आणि महिनाभर आधी तोच मयत कुऱ्हाड पाजळीत फिरत होता हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा साक्षीने मेलेला काही परत येत नाही, जिवंत मात्र आत जातो. जिवंताचे शब्द मोजायचे आणि मेलेल्याचे झाकायचे, याला तराजू म्हणता येणार नाही.

मागच्या बोलण्याचा उपयोग कोर्ट कसा करते याचा सर्वांत गाजलेला दाखला आपल्याच मुंबईतला आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातला कमांडर नानावटी याने मलबार हिलवर प्रेम आहुजा याच्या घरात शिरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बायकोने आहुजाशी असलेले संबंध त्याच दिवशी त्याला सांगितले होते. नानावटीचा बचाव असा, की आपण ठार मारण्यास गेलो नव्हतो. बोलाचाली झाली, झटापट झाली आणि झटापटीत पिस्तूल उडाले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरविले. सेशन्स जज्जाला तो निवाडा पटला नाही व त्याने प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या निकालात दोन बोलणी फार जड गेली. पहिले गोळीपूर्वीचे: बोटीवरून पिस्तूल व सहा काडतुसे घेताना त्याने सांगितले होते, की आपण रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जाणार आहोत. हे खोटे होते. दुसरे गोळीनंतरचे, आणि ते बोलणे नसून न बोलणे आहे. इमारतीच्या दरवानाशी तो बोलला, नौदलाच्या अधिकाऱ्याशी बोलला, पण झटापट झाली, चुकून गोळी सुटली, असे त्याने त्यांना सांगितले नाही. खरेच तसे झाले असते तर पहिल्या भेटलेल्या माणसाला त्याने तेच सांगितले नसते काय, असा कोर्टाच्या विचाराचा रोख होता. आम्हांस हा विचार चुकीचा वाटत नाही. जाता जाता एवढेच सांगतो, की हायकोर्टाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपालांनी ती तहकूब केली आणि १९६४ साली त्याला माफीही मिळाली. कळंब्यात बसलेल्या आमच्या कोणा बांधकऱ्यासाठी राजभवनाचा दिवा असा रात्री जळल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

हा प्रश्न दूरदेशींही सुटलेला नाही. अमेरिकेत केनोशा शहरी २०२० च्या ऑगस्टात दंगलीच्या रात्री रिटनहाउस नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने तिघांना गोळ्या घातल्या. त्यांत दोघे मेले. स्वतःचा जीव वाचविला, असा त्याचा बचाव. त्या रात्रीच्या पंधरा दिवस आधी दुकानातून माल उचलून पळणारी वाटणारी माणसे पाहून, बंदूक असती तर यांच्यावर झाडली असती, असे काहीसे तो बोलल्याची चित्रफीत सरकारी वकिलाकडे होती. जज्जाने ती ज्युरीपुढे येऊ दिली नाही. ते निराळे लोक, निराळी वेळ. २०२१ च्या नोव्हेंबरात पोरगा सुटला. निकालावर तिकडे रणे माजली. निकाल बरा की वाईट हे येथे बसून आम्ही सांगणार नाही. पण स्टीफनसाहेबाने ओढलेली रेषा तिकडचा जज्जही शोधीत होता एवढे दिसते. आमच्याकडे १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हाही आरोपाबाहेरचे 'केसरी'तले लेख मनातला हेतू दाखविण्यासाठी पुढे करण्यात आले होते. सामाजिक बाबतींत आमच्या चळवळीचे आणि टिळकांचे जमले नाही हे जगजाहीर आहे. परंतु माणसाचे मागचे शब्द उकरून त्याला बांधण्याची तऱ्हा शत्रूवर चालली म्हणून गोड मानावी, असे आम्हांस वाटत नाही.

येथवर झाले ते भांडणापूर्वीच्या बोलण्याचे. भांडणानंतरचे बोलणे त्याहून घातक. आमचा माणूस रक्ताळलेली कुऱ्हाड खांद्यावर टाकून सरळ ठाण्यात जातो आणि सांगतो, 'मारलाय मी त्याला.' यात त्याचा एक सरळपणा असतो. १९६३ साली रांचीकडच्या अघनू नागेसिया या आदिवासीने असेच केले. ठाण्यात जाऊन चौघांना मारल्याची खबर त्यानेच दिली. सुप्रीम कोर्टाने १९६५ साली ठरविले, की पोलिसापुढे दिलेली कबुली ही खबर म्हणून लिहिली काय आणि जबानी म्हणून लिहिली काय, ती आरोपीविरुद्ध पुराव्यात येत नाही. कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग येतो. दुसरा पुरावा पुरेसा नव्हता आणि तो सुटला. जुने कलम २५, नवे २३. पोलिसाच्या हाती दंडुका असतो हे ओळखून केलेला हा नियम आहे. हा आधार पोलिसापुरताच आहे. भावाजवळ, सरपंचाजवळ, मास्तराजवळ, पारावर बसलेल्या चौघांजवळ बोललेले पुराव्यात येऊ शकते. पोलीस पाटलापुढच्या कबुलीविषयी तर हायकोर्टात उलटसुलट निर्णय झालेले आहेत. तेव्हा पाटील आपल्याच आळीतला आहे म्हणून त्याच्यापाशी मन मोकळे करण्याची घाई नको.

मग गप्पच बसावे काय? गप्प बसण्याचा हक्क आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे राज्यघटनेचे अनुच्छेद २० सांगते. पण नानावटीचे न बोलणे कसे मोजले गेले ते आपण पाहिलेच. रक्षणाची गोष्ट प्रथम सहा महिन्यांनी सेशन्स कोर्टात निघाली, तर ती वकिलाने शिकविलेली वाटते. म्हणून आमचे म्हणणे असे, की लांब कहाणी सांगत बसू नये. खरे असेल तेवढेच थोडक्यात सांगावे: तो काय घेऊन आला, कोठे आला, आपल्याला कोठे लागले. हे डॉक्टरला सांगावे आणि अंगावरची प्रत्येक जखम कागदावर घ्यायला लावावी. अटक झालेल्याची तपासणी डॉक्टरकडून व्हावी असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३ सांगते. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतात, तेथेही हेच सांगावे. १९७६ साली लक्ष्मी सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे, की आरोपीच्या अंगावरील जबर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर त्याच्या साक्षीदारांविषयी संशय घेण्यास जागा आहे. मुन्शी राम यांच्या निकालात तर त्याही पुढे जाऊन सांगितले, की आरोपीने रक्षणाचा बचाव तोंडाने मांडला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाने तो विचारात घ्यावा. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे खरा, पण तो सरकार पक्षाइतका जड नाही. त्याची गोष्ट संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते.

येथे अर्ध्या वाक्याचा रोग पुन्हा उपटतो. 'मी मारलं, पन त्यानं आधी कुऱ्हाड उगारली हुती.' यातले पहिले दोन शब्द घ्यायचे आणि बाकीचे सोडायचे, हे चालते काय? १९५२ साली हनुमंत गोविंद नरगुंदकर यांचा खटला सुप्रीम कोर्टात निघाला. हे जुन्या मध्य प्रदेशचे आबकारी कमिशनर होते. त्यात ठरले, की आरोपीचे म्हणणे त्याच्याविरुद्ध वापरायचे तर सगळे वापरा, नाहीतर मुळीच वापरू नका. मात्र पुढे निशिकांत झा यांच्या निकालात या नियमाला मुरड पडली. म्हणण्याचा एक भाग उघडच खोटा दिसत असेल तर तो टाकून बाकीचा घेता येतो. म्हणून सांगतो, 'पण'च्या पुढचे सारे खरेच असले पाहिजे. खऱ्याला एक खोटे चिकटविले की कोर्टाला कात्री मिळते.

कागदावर अंगठा उठविण्याची जुनी खोड आमच्या लोकांना आहे. सावकाराच्या खतावर आजोबांनी उठविला. १८७५ साली सुप्याला दंगा झाला, शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, आणि १८७९ साली सरकारला पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा करावा लागला. त्याने जज्जाला सांगितले, की खतावर अंगठा आहे एवढ्याने भागवू नका. व्यवहार मुळात कसा घडला ते खणून पाहा. खताच्या बाबतीत जे शहाणपण सरकारला तेव्हा सुचले, तेच जबानीच्या बाबतीत कायद्यात आहे, पण आम्हांला ते माहीत नाही: तपासात पोलिसापुढे दिलेल्या जबानीवर सही-अंगठा घ्यायचाच नसतो. जुने कलम १६२, नवे १८१. पंचनाम्यावर घेतात तो निराळा. 'वाचून दाखवा' म्हणायला शिका. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याची जात कोणती आणि उत्पन्न किती हे न पाहता, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने सरकारी खर्चाचा वकील मिळतो. तो पहिल्या दिवसापासून मागावा, आरोपपत्र आल्यावर नव्हे.

मागच्या वागणुकीविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्यांतल्या काही बांधवांना बोलण्याच्याही आधी जन्मच नडत आला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जातींच्या जाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. चावडीवर हजेरी, रजेच्या चिठ्ठीशिवाय गावाबाहेर पाऊल नाही. तो कायदा १९५२ साली सगळीकडून गेला. मनांतून गेला काय? आजही मारामारीत एक पारधी असला की प्रथम काठी कोणाची होती हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. वास्तविक पुराव्याचा कायदा सांगतो, की आरोपीची पूर्वीची वाईट चालचलणूक फौजदारी खटल्यात पुरावा होत नाही. याला एक दार आहे आणि ते आपल्याच हाताने उघडते. आरोपीच्या बाजूने कोणी 'हा फार सद्वर्तनी माणूस' असा पुरावा आणला, तर मग त्याचे जुने सारे उकरण्याची मोकळीक समोरच्याला मिळते. तेव्हा चांगुलपणाचा दाखला द्यायला पुढे होणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींनी आधी वकिलाला विचारावे.

तरुण मंडळी मागे उभी आहेत त्यांना एकच सांगणे. तुमच्या आज्याने बांधावर दिलेली शिवी वाऱ्याबरोबर गेली. तुमची शिवी मोबाईलमध्ये राहते. कोयता हातात घेऊन फोटो काढायचा, खाली 'बघून घेतो' असे लिहायचे आणि ते स्टेटस म्हणून गावभर दाखवायचे, ही जी नवी टूम निघाली आहे, तीत साक्षीदार फोडण्याचीसुद्धा सोय उरत नाही. उद्या खरोखरच तुमच्यावर कोणी चालून आला आणि तुम्ही हात उचललात, तर नावासह लिहिलेले ते दोन शब्द तुमच्याविरुद्ध पहिल्या पानावर लागतील. आणि आपल्याला धमकीचा फोन आला असेल, तर तो पुसून टाकू नका.

आता मघाशी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, की समोरचा रोज धमकावतो, ठाण्यात गेलो तर 'एन.सी.' करून परत पाठवितात, मग जाऊन उपयोग काय? नुसत्या धमकीची तक्रार बहुधा अदखलपात्र म्हणूनच नोंदतात, फौजदार लगेच कोणाला धरून आणीत नाही, हे खरे. पण आजवर आपण जे बोललो ते ध्यानात घ्या. पुढे काही घडले, तर समोरच्याने अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक शब्दांत जिवाची धमकी दिली होती आणि तुम्ही ती सरकारात कळविली होती, हे सांगणारा तेवढाच एक कागद तुमच्यापाशी असेल. सवड असताना सरकारी मदत मागितली होती, याचाही तोच पुरावा. म्हणून ठाण्यात जा, त्याचे शब्द जसेच्या तसे, 'तर'सकट लिहायला लावा, तारीख व क्रमांक पाहून नक्कल मागून घ्या, आणि घरी गेल्यावर ती सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ट्रंकेत ठेवा. लिहिता येत नसेल त्यांनी संध्याकाळी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. कोरा कागद आम्ही देऊ.